मोठी अक्षरं कऱ्हाडला, छोटी सांगलीला

कऱ्हाड, १८ जानेवारी १९७४

नानासो भाऊजी,

नात्यानं मी तुमची थोरली वहिनी, म्हणून आशीर्वाद द्यायचा. वयानं तुम्ही माझ्याहून मोठे, म्हणून नमस्कार करायचा. सात वर्षांत दोन्हींतलं काहीच पोचवलं नाही, तेव्हा आता दोन्ही एकदम घ्या. पाकिटात तिळगूळ आहे. पोस्टात त्याचा चुरा झाला असेल, तरी खा. गोड बोला असं मी म्हणत नाही. आधी नुसतं बोला, गोडाचं पुढं बघू.

आपल्या शालनचं लग्न ठरलं. मुलगा शिराळ्याकडचा, फौजेत सेकंड लेफ्टनंट आहे. वडील सुभेदार लालासाहेब, आता पेन्शनवर असतात. तीन पिढ्या फौजेत गेल्या, पण ऑफिसर झाला हा पहिलाच. मुलगा शांत आहे, शालनशी बोलताना त्याचेच कान लाल झाले. मला पसंत आहे. तुमच्या दादांना इतका पसंत आहे, की ते कोणाजवळ तसं बोलून दाखवत नाहीत.

सुपारी फुटली त्या दिवशी सुभेदारांनी खिशातनं एक जुनं कार्ड काढलं. त्यांच्या पलटणीतल्या कुठल्याशा समारंभाचं, घड्या पडलेलं, पण जपून ठेवलेलं. म्हणाले, "पत्रिका एका अंगाला मराठी, दुसऱ्या अंगाला इंग्रजी पायजे. पोराच्या साहेब लोकांना धाडायची हाय. आन अक्षर ह्ये असं, झुकल्यालं. तुमच्या छापखान्यात हाय म्हंत्यात."

तुमचे दादा म्हणाले, "हाय की. आमच्या आबांनी आणल्याला टाईप हाय."

मी चहा घेऊन दारात उभी होते. ते ऐकून मी तशीच मागं फिरले. "हाय की" म्हणे. काय आहे? आपल्याकडं अर्धाच आहे, हे व्याह्याला कोण सांगणार होतं?

तुम्हाला आपल्या वाटणीची हकिगत नव्यानं सांगायला नको, पण मला ती आठवली की अजून हसू येतं आणि अजून संताप येतो, म्हणून लिहिते. आपले पंच हरिबा पाव्हणे, त्यांनी जन्मभर भावाभावांत जमिनी वाटल्या. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लावल्या, आंब्याच्या झाडाच्या फांद्या वाटल्या. छापखाना मात्र त्यांच्यापुढं पहिल्यांदाच आला. छपाईचं ट्रेडल मशीन थोरल्याला, कागद कापायचं मशीन धाकट्याला, मराठी अक्षरांचे खिळे काट्यावर तोलून निम्मे निम्मे. इथवर ठीक होतं. शेवटी तिरक्या इंग्रजी टाईपचे दोन खण उरले. एकात मोठी अक्षरं, एकात छोटी. पाव्हणे म्हणाले, "दोन खण, दोन भाऊ. ह्यात अवघड काय हाय?" छोट्या अक्षरांचा खण जड भरला, तर मोठ्यांच्या पारड्यात शिशाच्या पट्ट्या टाकून त्यांनी काटा सारखा केला आणि हात झटकले. पानविडा खाल्ला.

आणि तुम्ही दोघं मुंडी खाली घालून उभे. मी पडद्याआडनं बघत होते. दादांना वाटत होतं नाना बोलेल, तुम्हाला वाटत होतं दादा बोलतील. पंचांचा शब्द मोडायचा कसा, म्हणून एक शब्द कोणी काढला नाही. तेव्हापासून आमच्याकडं नावाची नुसती सुरुवात आहे आणि तुमच्याकडं नुसतं पुढचं. ना आम्हाला एक कार्ड छापता येत, ना तुम्हाला.

वाटणी कशावरनं झाली ते मी आज काढत नाही. आज एवढंच मागते, की छोट्या अक्षरांचा खण एक महिन्यासाठी द्या. शालनची पत्रिका झाली की मी स्वतः आणून देईन. खण मोडीत घालून त्याचे नवे खिळे घेतले असतील तर तसंही कळवा, म्हणजे मी आशा सोडेन. सांगलीत तुमचं चांगलं चाललंय, हळदीच्या अडत्यांची बिलं आणि नाटकांच्या जाहिराती तुम्हीच छापता, हे कळतं. त्या कामात ही नाजूक अक्षरं तुम्हाला कशाला लागणार, अशी भीती वाटते.

उत्तर आमच्या पत्त्यावर नको. शेजारच्या बयाबाईंच्या नावानं टाका. दादांना मी यातलं काही सांगितलेलं नाही.

राही वहिनी


कऱ्हाड, ६ फेब्रुवारी

नानासो भाऊजी,

तुम्हाला पाकीट मिळालं नाही का सांगलीत? पोस्टकार्ड कशाला टाकलंत?

बयाबाईंना वाचता येतं. नुसतं येत नाही, त्यांना ते आवडतं. सकाळी नळावर बायांची रांग असताना त्यांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं, "दादांनी स्वतः मागितलं तर बघू." मग मला हाक मारून म्हणाल्या, "राही, तुझ्या दिराचं कार्ड आलंय, पर लय तुटक हाय गं." तोवर तुमचे दादा दात घासत दारात उभे. आता लपवायचं काही उरलं नाही.

त्यांनी तोंड धुतलं, कार्ड माझ्या हातातनं घेतलं, दोनदा वाचलं. एवढीशी ओळ, दोनदा वाचायला तिच्यात काय होतं? मग म्हणाले, "मी मागायचं? न्हाई." आणि छापखान्यात निघून गेले. पण कार्ड मला परत दिलं नाही. ते त्यांच्या खिशातच आहे, सदरा धुताना मी काढून परत घालते.

तुमच्यावर मी रागावले आहे, हे स्पष्ट लिहिते. मागणारी मी होते. शालन तुमच्या मांडीवर बसून ए-बी-सी-डी शिकली, ती कागदावर नाही, खिळ्यांवर, आणि उलटी. शाळेत गेल्यावर मास्तरांनी तिच्या हातावर पट्टी मारली, तर तुम्ही भांडायला गेलात. त्या पोरीसाठी मागितलं होतं. असो.

दादांनी मग आठवडाभर काय केलं ते सांगते. पहिल्या दिवशी सगळी इंग्रजी बाजू मोठ्या तिरक्या अक्षरांतच जुळवली. प्रूफ काढून माझ्यापुढं धरलं. मला इंग्रजी येत नाही, पण मामंजींनी मला अक्षरं ओळखायला शिकवलं आहे. ते प्रूफ बघून लग्नाला जायची छातीच झाली नसती. सगळी अक्षरं एकदम हुकूम सोडत होती, ऐकणारं कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोठी तिरकी ठेवून पुढं साध्या टाईपची छोटी अक्षरं जोडली. पहिलं अक्षर लवून नमस्कार करतंय आणि मागची सगळी ताठ उभी. शालन हसली. हे नाही हसले. त्यांनी ओळ मोडली आणि एकेक अक्षर त्याच्या घरात परत टाकलं.

"दुसरं अक्षर घालूया की," मी म्हटलं. "साधं, ठसठशीत. फौजेतल्या लोकांना वाचता आल्याशी कारण."

"मी शब्द दिलाय," म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "ती अक्षरं वाचायला नसत्यात. ती मान द्यायला असत्यात."

हे मामंजींचं बोलणं. दादांच्या तोंडून आल्यावर मला मामंजी एकदम समोर बसल्यासारखे वाटले. साहेब लोक गेले त्या साली महाबळेश्वरच्या बंद होणाऱ्या एका छापखान्यातनं मामंजींनी तो टाईप आणला. आल्यावर मला म्हणाले होते, "राही, ह्येची जाड रेघ बघ, काळीभोर. आन बारीक रेघ बघ, केसापरीस बारीक. दोन्ही एकाच अक्षरात. जाडीला दाब सोसतो, बारकीला सोसत न्हाई. छापणाऱ्यानं मधला दाब हुडकायचा." म्हणून ही अक्षरं कधी हँडबिलाला लावायची नाहीत, कुस्तीच्या पोस्टरला नाहीत. भिंतीवर ती दिसत नाहीत. ती हातात घेऊन बघायची, कार्डाला गुळगुळीत कागद पाहिजे आणि शाई बेतानं. आपल्याकडं कोणी असं बारीक बघून काम करत होतं का? मामंजी सैन्यातल्या छापखान्यात होते म्हणून त्यांना ते कळलं. तुम्हा दोघांनाही कळलं, तेवढं कबूल करते.

आता एक गोष्ट, जी मी तुम्हाला सांगू नये. पत्रिकेची मराठी बाजू मीच जुळवली. खाली निमंत्रकांची नावं. दादांनी मला नावं सांगितली, त्यात तुमचं नव्हतं. मी जुळवली आणि स्वयंपाकाला गेले. संध्याकाळी येऊन बघते, तर त्यांच्या नावाखाली तुमचं नाव जुळवलेलं. छापखान्यात आम्हा दोघांशिवाय तिसरं माणूस नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं, तर नाव काढलेलं होतं, पण तिथं जागा तशीच सोडली होती.

या वेळी पाकिटातनं लिहा.

राही


कऱ्हाड, २७ फेब्रुवारी

नानासो भाऊजी,

पाकीट मिळालं. बयाबाईंनी ते उजेडाला धरून बघितलं म्हणे, काही दिसलं नाही.

अक्षरं जपून ठेवली आहेत हे वाचून जीव भांड्यात पडला. बाकीचं वाचून परत वर आला. तुम्ही लिहिता, "दादांनीच तुमच्यादेखत म्हटलं होतं की ती अक्षरं बाटली. बाटलेली अक्षरं शालनच्या पत्रिकेला कशी चालतात? दादांनी तो शब्द मागं घ्यावा, तोवर खण जागेवरनं हलणार नाही."

म्हणजे शेवटी तिथंच आलो. मी काढणार नव्हते, तुम्ही काढलंत. मग मीही बोलते, कारण त्या खोलीत तुम्हा दोघांशिवाय मीच होते.

मामंजी गेले. हॉटेलवाल्यांना आणि पाचगणीच्या शाळांना इंग्रजीतनं कळवायचं होतं, वीस वर्षं त्यांची कामं केली म्हणून. आपल्या छापखान्यात सुतकाची पत्रं साध्या टाईपात, लग्नाबारशाची वेगळ्या टाईपात, दोन्हींचे खण वेगळे. ही रीत मामंजींनीच घातलेली. आणि तुम्ही मामंजींच्या जाण्याचं पत्र तिरक्या अक्षरांत जुळवलंत. प्रूफ काढलंत. मी ते बघितलं होतं, भाऊजी. इतकं देखणं काम मी त्या छापखान्यात दुसरं बघितलं नाही. रडून रडून डोळे सुजले होते तरी मला ते दिसलं.

मग दादा आले. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "लग्नाची अक्षरं सुतकात बाटीवलीस." बांधलेली ओळ हातानं मोडली. तुम्ही म्हणालात, "आबा माजा बी बाप व्हता. त्येला जे आवडायचं त्यातच त्येचं नाव घालीन." आणि दोघंही रडत होता. दोघांनाही ते दिसत नव्हतं, मला दिसत होतं.

आता ऐका. दादा म्हणत होते, आबांची रीत मोडू नको. तुम्ही म्हणत होता, आबांची आवड राखतो. दोघांचं म्हणणं एकच होतं. मी त्याच वेळी मध्ये पडून बोलायला हवं होतं, असं लोक म्हणतील. म्हणू देत. घरात मढ्याचं सुतक, मी पदर तोंडात धरून बसलेली, नात्यागोत्यातले वीस पाव्हणे अंगणात. त्या वेळी बायकोचं कोण ऐकतं?

तुमच्या पाकिटात माझ्या जाऊबाईंनी, मनूनं, वेगळी चिठ्ठी घातली होती. तुम्हाला माहीत नसेल, आता कळू दे, आणि तिच्यावर रागावू नका. ती लिहिते, "अक्का, दर खंडेनवमीला हे तो खण काढतात. एकेक अक्षर रॉकेलनं पुसतात, झेंडूची फुलं वाहतात, हळदकुंकू लावतात आणि परत वर ठेवतात. सात वर्षांत एक ओळ जुळवली नाही. मी विचारलं, चालत नाही त्याची पूजा कशाला? तर म्हणाले, चालत नाही कोण म्हणतं?"

वाचून मी हसायला लागले आणि मग हसू विरलं. कारण इथंही दर खंडेनवमीला ट्रेडलची पूजा झाली की तुमचे दादा मोठ्या अक्षरांचा खण काढतात, पुसतात, फूल वाहतात. मला वाटायचं, हा फक्त यांचाच वेडेपणा. एकाच दिवशी, एकाच वेळी, दोन गावांत दोन भाऊ अर्ध्या अर्ध्या टाईपला पुजतात. याला काय म्हणायचं तुम्हीच सांगा.

तुमच्या पत्रातला तो बाटल्याचा मुद्दा मात्र माझ्या मनाला लागला. दादा तो शब्द मागं घेणार नाहीत, असं नाही. त्यांना घेता येत नाहीये. कारण पोटातनं त्यांना भीती वाटते. परवा रात्रीचं जेवण झाल्यावर एकदम म्हणाले, "नानानं अक्षरं दिली, आन उद्या पोरीच्या संसारात काय वाकडं झालं, तर?" तिकडं व्याह्याला दिलेला शब्द, इकडं ही भीती. मधल्या मधे माणूस वाळत चाललाय.

म्हणून मी ठरवलंय. मी शिराळ्याला जाणार आणि सुभेदारांना खरं काय ते सांगणार. त्यांच्या घरात येणाऱ्या पत्रिकेची अक्षरं एकदा सुतकाला लागली होती, हे त्यांना आधी कळलं पाहिजे. लग्न मोडलं तर मोडलं. असं लिहिलं खरं, पण ही ओळ दोनदा खोडून लिहिलीय. शालनला मी सांगितलं. ती म्हणाली, "आई, जा. आज लपवलं तर जन्मभर मला त्या घरात ते लपवायला लागंल."

पोर कधी मोठी झाली, कळलं नाही.

राही


कऱ्हाड, ११ मार्च

नानासो भाऊजी,

काल शिराळ्याला जाऊन आले. दादांना सांगितलं, विहीणबाईंना साडीचा रंग विचारायला जाते. रंग विचारलाही, जांभळा ठरला.

सुभेदार ओसरीत शेंगा फोडत बसले होते. मी खाली मान घालून सगळं सांगितलं. टाईप अर्धा आहे इथपासून. तुमचं, दादांचं, मामंजींच्या पत्राचं, ओळ मोडल्याचं, हरिबा पाव्हण्यांच्या काट्याचंही. काट्याचं ऐकून ते इतके हसले, की विहीणबाई आतनं बघायला आल्या. पुढचं ऐकताना मात्र त्यांचा शेंगांतला हात थांबला. मला वाटलं, झालं.

हातातली शेंग सुपात टाकून म्हणाले, "विहीणबाई, पलटणीत बिगुल एकच असतोय. सकाळी उठवाय त्योच, जेवाय बोलवाय त्योच. साहेबाच्या लग्नात वाजला त्यो त्योच. आन माजा जोडीदार गेला तवा त्येच्या मातीवर बी त्योच वाजला. दुसऱ्या दिशी सकाळी आमाला उठवाय परत त्योच. बिगुल बाटला असं आमी कवा म्हटलं न्हाई."

मी रडायला लागले. ते गडबडले. फौजी माणसाला रडणारी बाई कशी आवरायची कळत नाही, त्यांनी शेंगांचं सूप माझ्यापुढं सरकवलं. म्हणाले, "आवं, त्या अक्षरात तुमच्या सासऱ्याचं नाव बसलं व्हतं म्हंता. मग लय चांगलं की. थोराचा हात लागलाय. माज्या पोराचं नाव त्याच अक्षरात घाला. आन त्या धाकट्या व्याह्यांना म्हणावं, म्हाताऱ्याला लय भेटायचं हाय तुमाला."

धाकटे व्याही म्हणजे तुम्ही. त्यांनी तुम्हाला घरात धरलंसुद्धा.

घरी आले तर दादा मशीनचे रूळ धूत होते. मी आडवळण न घेता सांगितलं. ते रूळ पुसत राहिले.

"तू समदं सांगितलंस?"

"समदं."

"काट्याचं बी?"

"त्येचं बी."

"आन लग्न?"

"हाय तसं हाय. साडी जांभळी."

मग ते स्टुलावर बसले. हात शाईनं काळे, त्याच हातांनी डोळे पुसले, तोंड असं झालं की शालननं आरसा आणून दिला. आम्ही तिघं कितीतरी दिवसांनी एकत्र हसलो. रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "सांगलीची पयली गाडी किती वाजता हाय गं?" कुणासाठी, ते सांगितलं नाही.

हे पत्र मी आत्ता लिहितेय आणि ते मागं येऊन उभे आहेत. "काय लिव्हतीस?" म्हणाले. मी सांगितलं, भाऊजींना. म्हणाले, "खाली जागा ठेव." ठेवली आहे.

राही

नाना,
अक्षरं बाटत नसत्यात. मोठी घेऊन शनवारी मीच येतो. तुजी छोटी पुसून ठेव. पत्रिका तुज्या नव्या मशीनवर काढू, हितल्या ट्रेडलचा दाब आता सारका ऱ्हाईत न्हाई.
दादा


कऱ्हाड, २५ मार्च

नानासो भाऊजी,

दादा काल संध्याकाळी सुखरूप पोचले. दोन दिवसांचं काम म्हणून गेलेला माणूस इतके दिवस ठेवून घेतलात, आणि आल्यावर बघते तर पोट सुटलेलं. मनूला सांगा, एवढं जेवू घालायचं नसतं.

जातानाची गंमत तुम्हाला कळली नसेल. खण उपरण्यात बांधून मांडीवर घेतला. कंडक्टर म्हणाला, ओझं टपावर टाका. हे म्हणाले, "ह्यात माजा बाप हाय, टपावर जात नसतो." कंडक्टरनं घाबरून पाय वर घेतले म्हणे. त्याला काय वाटलं असेल कोण जाणे.

तिकडचं मला यांच्याकडनं फारसं कळलं नाही, मनूच्या पत्रानं कळलं. पहिल्या दिवशी "जेवलास का" आणि "जेवलो" याच्या पुढं दोघं गेला नाहीत. दुसऱ्या दिवशी दाबावरनं भांडलात. तुम्ही म्हणालात, दाब वाढवा, बारीक रेघ उठत नाही. हे म्हणाले, वाढवू नको, ज्याचं शेपूट खिळ्याबाहेर येतं ते अक्षर मोडेल. दुपारपर्यंत दोघांचे आवाज गल्लीत ऐकू जात होते. मनू लिहिते, "अक्का, भांडण ऐकून मी देवापुढं साखर ठेवली." मलाही वाचून बरं वाटलं. सात वर्षं यांच्याशी दाबावरनं भांडायला कोणी नव्हतं. मी भांडून बघितलं, पण मला ते सोडून द्यायचे.

पत्रिका बघितली. इंग्रजी बाजू मी उजेडात नेऊन कितीतरी वेळ बघत बसले. जाड रेघ काळीभोर आहे आणि बारीक रेघ कुठंही तुटलेली नाही. मधला दाब कुणी हुडकला, ते विचारत नाही, दोघंही "मी" म्हणाल. शालननं बोटानं दाखवून मला नावं वाचून दाखवली. तिचं, मुलाचं, दादांचं, तुमचं. तुमच्या नावाचं पहिलं अक्षर इतकी वर्षं इथं होतं, बाकीचं नाव तिकडं. मराठी बाजूवर सोडलेली जागाही भरली आहे. सुभेदारांना एक पत्रिका पुढं पाठवली. त्यांनी उलट टपाली लिहिलं, की गावातल्या सगळ्या पेन्शनरांना एकेक पाहिजे, इंग्रजी येत नसलं तरी.

आता मुख्य सांगायचं ते सांगते. दादा पिशवी घेऊन आले, पत्रिकांचे गठ्ठे काढले, पेढे काढले, मनूनं शालनला दिलेलं खण-नारळ काढलं. उपरणं काढलं, ते रिकामं. मी म्हटलं, "आवं, मोठी अक्षरं कुठायत?"

"ऱ्हाऊ दिली तिकडं."

"म्हंजे?"

"म्हंजे काय? सांगलीत असली कामं येत्यात. मोठी न्हाईत म्हणून त्यो परत धाडायचा. दोन्ही खण एकावर एक लावले. आता ऱ्हाऊ दे एका जागी." मग पेढा तोंडात टाकून म्हणाले, "आपल्याला लागलं तर जाऊ की. लांब हाय व्हय सांगली?"

सात वर्षं लांब होती, भाऊजी. कालपासून नाही.

मी चहा टाकायला आत गेले. मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

आज सकाळी पहिली पत्रिका देवापुढं ठेवली. दुसरी वधूच्या मामाला द्यायची आपली रीत आहे, माझा भाऊ मलकापुरातनं ती घ्यायला येऊनही बसला होता. दादा म्हणाले, "पाव्हणं, जरा थांबा." त्यांनी दुसरी पत्रिका उचलली, तिला हळदकुंकू लावलं आणि माझ्याकडं देऊन म्हणाले, "नानाला धाड."

मी म्हटलं, "आवं, त्यांनीच छापलीय. त्यांच्या घरात गठ्ठा पडला आसंल."

"आसू दे. त्यो छापणारा म्हणून त्याच्याकडं हाय. घरचा म्हणून आपण बोलवायला पायजे."

तर घरची म्हणून ही पत्रिका पाठवते आहे. दोघंही लग्नाच्या आधी आठ दिवस या. पाहुण्यासारखे मुहूर्तावर आलात, तर मी दारात अडवीन.

तुमची वहिनी,
राही